केसांचे पांघरूण : थंडीत आणि उन्हातही

मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो, आणि भंवरकुआं परिसरातील घरांतूनही विचार निघतो की, बिचाऱ्या कुत्र्याचे सगळे केस कापून टाकावेत. हेतू दयेचा असला, तरी शरीरक्रियाशास्त्र त्यास दुजोरा देत नाही.

केस स्वतः ऊब निर्माण करीत नाहीत. त्यांच्या दाटीत हवा स्थिर राहते, आणि स्थिर हवा उष्णतेची अतिशय मंद वाहक आहे. दाट केसांच्या अनेक सस्तन प्राण्यांत दोन थर असतात : आतील मऊ लोकर हवा धरून ठेवते, तर बाहेरील लांब, राठ केस वारा-पाऊस अडवितात. थंडीत केसांच्या मुळाशी असलेले सूक्ष्म स्नायू आकुंचन पावतात, केस उभे राहतात व हवेचा थर जाड होतो. आपल्या अंगावर येणारा काटा हा याच यंत्रणेचा अवशेष होय.

हाच थर उन्हात बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही. राजस्थानी मेंढपाळांच्या कळपांबरोबर माळव्यात येणारे उंट आपण पाहिले असतील. नट श्मिट-नील्सन यांनी १९५० च्या दशकात सहारा वाळवंटात केलेल्या प्रयोगांत केस कापलेल्या उंटाचे घामावाटे जाणारे पाणी सुमारे दीडपट झाल्याचे आढळले. याउलट म्हशीची कातडी काळी, केस विरळ. म्हणून ती भर दुपारी डबक्यात बसते.

कुत्र्याला तळपायांखेरीज फारसा घाम येत नाही. तो धापा टाकून उष्णता बाहेर टाकतो. पोमेरेनियन, जर्मन शेफर्ड अशा दुहेरी केसांच्या कुत्र्यांचे केस मुळापासून काढल्यास ऊन थेट त्वचेला लागते, आणि केस पूर्ववत वाढतीलच असे नाही. त्यापेक्षा नियमित विंचरून गळालेली लोकर काढावी. सावली व भरपूर पाणी द्यावे. जटा किंवा त्वचारोग असल्यास पशुवैद्यांचा सल्ला घ्यावा.

भिजलेले केस मात्र निरुपयोगी ठरतात. हवेची जागा पाणी घेते, आणि पाणी स्थिर हवेच्या सुमारे २५ पट उष्णता वाहून नेते. गाय नुकत्याच जन्मलेल्या वासराला चाटून कोरडे करते, त्याचे एक प्रयोजन हेच. मानवी नवजात बालकास तर असे आवरणच नाही. म्हणून जन्मताच त्याला कोरडे पुसणे, आईच्या उघड्या छातीशी ठेवणे, वरून पांघरूण व डोक्यावर टोपी घालणे, हे केवळ उपचार नव्हेत. निसर्गाने न दिलेले पांघरूण आपण त्याला देत असतो.