तसबिरींचा ठेला

आषाढी एकादशी. वाळूजच्या छोट्या पंढरपुरात पाय ठेवायला जागा नाही. शहराकडून दिंड्या अजून येताहेत, पुणे महामार्गावर टाळांचा गजर खळत नाही. दर्शनाच्या रांगेतून बाजूला होऊन मी तसबिरींच्या ठेल्यापाशी उभा आहे.

ताडपत्रीखाली विठ्ठल-रखुमाई सर्वांत पुढे. मागे लक्ष्मी, खंडोबा, तुळजाभवानी. त्याच ओळीत बुद्ध, बाबासाहेब, शिवाजी महाराज. विक्रेता काचांवरचे पावसाचे थेंब पुसतो आहे.

लक्ष्मी कमळावर उभी, चार हात, शेजारी हत्ती. ही ठेवण राजा रविवर्म्याची. १८९४ साली मुंबईत सुरू झालेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हललेला त्याचा छापखाना दगडावरून एकेक रंग कागदावर उतरवत देव छापायचा. पुण्याचा चित्रशाळा छापखाना तर त्याही आधीचा, १८७८चा. मूळ पंढरपूरचं देऊळ दलितांसाठी उघडलं ते १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. बाजारात मात्र पैसे मोजणाऱ्या कुणालाही देव त्याआधी अर्धशतकापासून मिळत होता. म्हणूनच यांना कॅलेंडरी चित्रं म्हणत नाक मुरडणं मला पटत नाही. रेषा कशी आहे हे नंतर बघू. चित्र कुणाच्या भिंतीवर गेलं ते आधी बघावं. देवळात काहीही होवो, चित्र घरी पोचतंच. तिकडे हॉलंडमध्ये १५६६ साली चर्चमधल्या मूर्ती-चित्रांची तोडफोड झाली, पुढे प्रॉटेस्टंटांची प्रार्थनामंदिरं पांढऱ्या भिंतींची झाली. तरी बायबलातल्या प्रसंगांची छापील चित्रं माणसं घरासाठी विकत घेतच राहिली.

कंपनीच्या गणवेशातला एक तरुण रात्रपाळी करून थेट इथं आलाय. बायकोच्या कडेवर लेकरू.

"केवढ्याला हाय दादा?"

"काचेची का साधी, माउली?"

बायको आधी एकट्या विठ्ठलाची तसबीर परत ठेवते. रखुमाई पाहिजेच. मग नवऱ्याकडे बघते. बजाजनगरातली खोली भाड्याची. मालक खिळा ठोकू देत नाही.

"मग लॅमिनेशनची न्या ताई, चिकटपट्टीनं बसंल."

"नको, वाफेनं निघती ती. काचेचीच द्या. वट्यावर टेकवून ठिवते."

विक्रेता तसबीर कागदात गुंडाळू लागतो. ती हात आडवा धरते.

"मागं कडी लावून द्या की. घर झाल्यावर लागंल."