डीएनएस बदलल्याने घरचे इंटरनेट वेगवान होते का?

यवतमाळ, पुसद, वणी, उमरखेड अशा गावांत घरोघरी फायबर येऊ लागले, तसा एक सल्लाही तोंडोतोंडी पसरला: नेट हळू चालत असेल तर डीएनएसमध्ये ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाका, स्पीड वाढेल. पहिला गूगलचा डीएनएस, २००९ पासूनचा. दुसरा क्लाउडफ्लेअरचा, २०१८ पासूनचा. दोन्ही फुकट आणि भरवशाचे आहेत, पण त्यांनी लाइनचा वेग वाढतो हा गैरसमज आहे. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या डीएनएस या व्यवस्थेचे काम संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता शोधून देणे एवढेच. पत्ता मिळाल्यावर फोटो, व्हिडिओ, फाइल हे सारे त्या संकेतस्थळाच्या सर्व्हरवरून थेट आपल्याकडे येते. डीएनएस सर्व्हर त्या वाटेत नसतोच.

हिशेब मांडला की हे स्पष्ट होते. २० एमबीपीएसच्या लाइनवर एक जीबीची फाइल उतरायला सुमारे ४०० सेकंद लागतात. पत्ता शोधायला लागतात काही मिलिसेकंद, फार तर शंभरेक. नव्या डीएनएसने त्यातले ५० मिलिसेकंद वाचवले, तरी ४०० सेकंदांचे ३९९.९५ होतील. शिवाय एकदा मिळालेला पत्ता फोन, ब्राउझर आणि राउटर काही काळ साठवून ठेवतात, त्यामुळे प्रत्येक वेळी नव्याने विचारणाही होत नाही.

यावर अनेक जण म्हणतील, ‘पण आमच्याकडे फरक पडला!’ हा अनुभव खोटा ठरवायचे कारण नाही. इंटरनेट कंपनीचा डीएनएस सर्व्हर मंद किंवा बंद असेल, तर पान उघडण्याआधीच अडकते. आणि एका पानासाठी अनेक ठिकाणांचे पत्ते लागत असल्याने तो उशीर जाणवतो. पान सुरू व्हायला वेळ लागतो, पण सुरू झालेला व्हिडिओ सुरळीत चालतो, हे त्याचे लक्षण. अशा वेळी डीएनएस जरूर बदलावा. मात्र बदल करताना राउटरही बंद-चालू केलेला असतो, किंवा तोवर संध्याकाळची गर्दी ओसरलेली असते, आणि त्याचे श्रेय डीएनएसला मिळते. कधी उलटेही घडते. व्हिडिओ कंपन्या आपला साठा अनेक शहरांत ठेवतात आणि ग्राहक कुठे आहे याचा अंदाज बऱ्याचदा डीएनएसवरून बांधतात. तो चुकला तर जवळचा साठा सोडून दूरच्या शहरातून व्हिडिओ येतो.

मग यवतमाळसारख्या जिल्ह्यात वेग अडतो कुठे? बहुतेकदा घरातल्या वायफायवर, संध्याकाळी एकाच जोडणीवर आलेल्या अनेक ग्राहकांवर, किंवा रस्त्याच्या खोदकामात तुटलेल्या फायबरवर. ग्रामपंचायतींना जोडण्यासाठी २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट या नावाने ओळखल्या गेलेल्या योजनेतही हीच अडचण दिसली. सुरुवातीच्या सरळ रांगेच्या जोडणीत एका ठिकाणी तार तुटली की पुढची गावे बंद पडत. म्हणूनच २०२३ च्या सुधारित योजनेत वर्तुळाकार जोडणीवर भर दिला गेला. या अडचणींवर डीएनएस हा इलाज नाही.

म्हणून आधी तपासावे. लॅपटॉप केबलने राउटरला जोडून सकाळी आणि रात्री वेग मोजावा. केबलवर वेग पुरेसा आणि वायफायवर कमी असेल, तर राउटरची जागा बदलावी, जवळच्या खोलीत वायफायचा ५ गिगाहर्ट्झ पट्टा वापरावा. केबलवरही वेग कमीच असेल, तर तारीख-वेळेसह आकडे जोडून कंपनीकडे तक्रार नोंदवावी आणि तक्रार क्रमांक घ्यावा. ग्राहक दरमहा पैसे वेगाचे भरतो. सेटिंगमध्ये चार आकडे टाकून तो गप्प बसला, तर दोष कंपनीच्या लाइनमध्ये राहतो आणि जबाबदारी मात्र त्याच्याच माथी येते.