आधी अंकुर, मग पाटल्या

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एका रविवारची गोष्ट. मिस्सा आटोपून मी ख्रिस्तमंदिराबाहेर आलो, तो आमच्या संकेश्वर भागातील एक माउली आपल्या मुलाला घेऊन पायरीशी उभी होती. मुलगा नुकताच बारावी उत्तीर्ण झालेला. "फादर," ती म्हणाली, "पोरगं म्हणतंय, सिनेमाच्या चित्रांना रंग द्यायचं, आणि नाही ते आहे असं दाखवायचं काम शिकायला शहरात जातो. फी भरायची तर ह्या मोडाव्या लागतात. मोडू का? तुम्ही सांगाल तसं करते." आणि तिने पाटल्या घातलेले दोन्ही हात माझ्यापुढे केले.

वाचकहो, त्या हातांकडे पाहून मला चटकन उत्तर देण्याचे धैर्य झाले नाही. "अक्का, मला थोडा अवधी द्या," एवढेच मी म्हणालो. नंतर जाणत्या मंडळींना विचारून व वाचून जे समजले, ते आज आपणांपुढे ठेवीत आहे. कारण असे प्रश्न आता एकाच घरात उरलेले नाहीत.

प्रथम, ही विद्या आहे तरी काय? तिचे दोन भाग आहेत. पहिल्यास व्हिज्युअल इफेक्ट्स, म्हणजे दृश्याभास, असे म्हणतात. जे कॅमेऱ्यापुढे घडले नाही, किंवा घडविणे धोक्याचे व खर्चाचे, ते संगणकावर रचून खऱ्या चित्रणाशी बेमालूम जोडावयाचे. नट हिरव्या पडद्यापुढे उभा राहतो. संगणक तेवढा हिरवा रंग पुसून त्याजागी डोंगर वा समुद्र बसवितो. पडदा हिरवाच का? तर माणसाच्या कातडीत हिरवी छटा फार कमी असते, त्यामुळे माणूस व पडदा सहज वेगळे करता येतात. जेथे पडदा लावता येत नाही, तेथे आकृतीची कड हाताने कातरावी लागते. त्यास रोटोस्कोपी म्हणतात. चित्रपटात एका सेकंदास चोवीस चित्रे धावतात; म्हणजे पाच सेकंदांच्या दृश्यासाठी एकशेवीस चित्रे तपासावयाची. नवशिका बहुधा याच कामापासून आरंभ करतो.

दुसरा भाग कलर ग्रेडिंग, म्हणजे रंगसंस्कार. एकच प्रसंग सकाळी, दुपारी व ढगाळ वेळी चित्रित झालेला असतो. तो सारा एकाच घटकेचा वाटला पाहिजे. शिवाय आजचे कॅमेरे उजेड व सावली यांतील जास्तीत जास्त बारकावे राखण्यासाठी मुद्दाम फिकट, निस्तेज चित्र टिपतात. रंगकार प्रथम उजेडाचा तोल साधतो, मग एक दृश्य दुसऱ्याशी जुळवितो, आणि शेवटी प्रसंगाच्या भावास साजेशी छटा देतो.

हे काम वाटते तितके सोपे नाही, याची साक्ष आपला संकेश्वरचा बाजारच देईल. आपली संकेश्वरी मिरची दुकानातील ट्यूबलाइटखाली एक लाल दिसते आणि दारातील उन्हात धरली की दुसरी. मिरची तीच, उजेड बदलला. जाणता गिऱ्हाईक म्हणूनच ती उन्हात नेऊन पाहतो. माणसाचा डोळा असा फसतो, म्हणून रंगकार आपल्या डोळ्यावर सर्वस्वी विसंबत नाही. तो पडद्याशेजारी रंगांचा आलेख उघडा ठेवतो. या आलेखासंबंधीची एक गोष्ट वाचून मला मोठे नवल वाटले. माणूस गोरा असो की काळा, निरोगी कातडीचा रंग त्या आलेखावर जवळजवळ एकाच रेषेवर येतो. फरक असतो तो उजेडाचा व गडदपणाचा. कातडीखाली वाहणारे रक्त सर्वांचे सारखेच ना!

आता कोणी म्हणेल, ही परदेशी विद्या आपल्या मुलांना कशी साधावी? त्यांनी हे ध्यानी घ्यावे की निपाणी-कागलमार्गे एस.टी.ने ज्या कोल्हापुरास आपण नित्य जातो, तेथेच या विद्येचे एक मोठे गुरुकुल होते. नाटकांचे पडदे रंगविणारे बाबूराव पेंटर यांना चित्रपट काढण्याची ओढ लागली. पण कॅमेरा मिळेना. तेव्हा त्यांनी सहकाऱ्यांच्या साहाय्याने १९१८ साली स्वतःच कॅमेरा बनविला, आणि १९२० साली 'सैरंध्री' हा मूकपट पडद्यावर आणला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दामले, फत्तेलाल व शांताराम ही मंडळी तयार झाली. पुढे १९२९ साली त्यांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी उभारली व १९३३ साली ती पुण्यास नेली. त्याच वर्षी प्रभातने आपला 'सैरंध्री' हा बोलपट रंगीत करण्यासाठी जर्मनीपर्यंत खटपट केली. परंतु मनासारखे रंग उतरले नाहीत. तथापि अपयशाने खचून न जाता याच कंपनीने १९३६ साली 'संत तुकाराम' दिला, ज्यातील गरुडावरून वैकुंठास जाण्याचा देखावा ज्येष्ठांच्या स्मरणात असेल. प्रभातच्या त्याच वास्तूत १९६० सालापासून चित्रपटविद्येची सरकारी संस्था नांदत आहे.

परंतु त्या माउलीच्या प्रश्नाचे उत्तर मला सापडले ते त्याहूनही आधीच्या एका कथेत. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच दादासाहेब फाळके, यांनी मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील एक मूक चित्रपट पाहिला. प्रभू येशूचे जीवन पडद्यावर सरकत असता, आपल्या देशातील राम-कृष्णांच्या कथाही अशाच दाखविता येतील, या विचाराने ते झपाटून गेले, असे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेविले आहे. आपल्या देशातील चित्रपटाच्या आरंभाशी ख्रिस्तचरित्राचा असा संबंध आहे, हे आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक नसेल.

फाळके त्या वेळी चाळिशीचे होते, पण नवशिके नव्हते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व बडोद्याच्या कलाभवनात त्यांचे शिक्षण झाले होते. छायाचित्रण, छपाई व जादूचे प्रयोग यांत त्यांचा हात बसला होता. तरीही त्यांनी महिनोन्महिने चित्रपट पाहून अभ्यास केला. इतका, की डोळ्यांवर मोठा ताण येऊन दृष्टी जाण्याची वेळ आली व वैद्यकीय उपचारांनी ती वाचली. १९१२ च्या आरंभी ते लंडनला जाऊन काम पाहून आले व तेथे त्यांनी कॅमेरा खरेदी केला. भांडवलासाठी लोकांपुढे हात पसरण्यापूर्वी त्यांनी काय केले? कुंडीत वाटाणा पेरला, आणि कॅमेरा एका जागी स्थिर ठेवून त्या रोपाच्या वाढीचे दिवसेंदिवस थोडे थोडे चित्रण केले. तयार झाला तो क्षणभराचा चित्रपट; पण त्यात पाहता पाहता बीजातून अंकुर निघे आणि वेल वर चढे. तो पाहून भांडवल देणाऱ्यांचा विश्वास बसला. मग पत्नी सरस्वतीबाईंनी आपले दागिने पुढे केले. कच्च्या फिल्मला भोके पाडणे, ती धुणे, ही कामेही त्या माउलीने शिकून घेतली. आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमागृहात 'राजा हरिश्चंद्र' लागला.

क्रम पाहा, वाचकहो! आधी वाटाण्याचा अंकुर, मग दागिने. बहुतेक घरांत आज हा क्रम उलटा होतो. आधी पाटल्या मोडतात, आणि मुलाच्या अंगी चिकाटी आहे की नाही, ते मागाहून कळते.

म्हणून मी त्या मायलेकरांना बोलावून सांगितले, "अक्का, पाटल्या सहा महिने हातातच राहू द्या. या विद्येची पहिली पायरी चढण्यास आज फी लागत नाही. डाव्हिंची रिझॉल्व्ह या रंगसंस्काराच्या साधनाची एक आवृत्ती फुकट मिळते. दृश्याभासासाठी ब्लेंडर सर्वस्वी मोफत आहे. संगणक मात्र बऱ्यापैकी हवा. तो मित्राचा किंवा ओळखीच्या फोटो स्टुडिओतील चालेल. याने सहा महिन्यांत अर्ध्या मिनिटाचे एकच दृश्य स्वतः चित्रित करून पुरे करावे. ते या धंद्यात राबणाऱ्या माणसास दाखवावे. मग संस्थेचा विचार करू."

संस्थेविषयीही काही प्रश्न मी मुलाला लिहून दिले. शिकविणारे स्वतः चित्रपटांवर काम केलेले आहेत काय? गेल्या वर्षीचे विद्यार्थी आज कोठे आहेत, व त्यांपैकी दोघांशी बोलता येईल काय? अर्ध्यावर सोडल्यास फी परत मिळते काय, आणि ते लेखी देतात काय? 'नोकरीची हमी' हा शब्द नुसता तोंडी असेल, तर तो वाऱ्यावरचा समजावा.

त्याला धंद्याची दुसरी बाजूही सांगणे मला कर्तव्य वाटले. 'लाइफ ऑफ पाय' या चित्रपटातील वाघ बहुतांशी संगणकावर घडविलेला होता. तो घडविणाऱ्या अमेरिकन कंपनीच्या शाखा मुंबई व हैदराबाद येथेही होत्या. फेब्रुवारी २०१३ मध्ये त्या कामास ऑस्कर मिळाले, आणि त्याच महिन्यात, पारितोषिकापूर्वीच, कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर हा जुना नावाजलेला उद्योगसमूह कोसळला आणि बंगळूर व मुंबई येथील त्याचे काम थांबून तरुण कारागीर घरी बसले. शिवाय कड कातरण्यासारखी कामे आता कृत्रिम बुद्धिमत्ताही करू लागली आहे. तेव्हा ज्याच्यापाशी केवळ यंत्र चालविण्याचे ज्ञान आहे, त्याचे आसन डळमळीत आहे. ज्याचा डोळा तयार झाला, त्याला लग्नाच्या चित्रणापासून जाहिरातीपर्यंत आपल्या गावाजवळही काम मिळू शकते.

"आणि फादर, नाही ते दाखवायचं म्हणजे खोटेपणा नव्हे का?" जाता जाता त्या माउलीने विचारले. मी म्हणालो, "अक्का, नाटकातला राजा खरा राजा नसतो, हे पाहणाऱ्याला माहीत असते, तेथे फसवणूक नाही. पण दुसऱ्याचा चेहरा चोरून त्याच्या तोंडी न बोललेले शब्द घालणे, हे पाप आहे. हत्यार एकच, हात कोणाचा व हेतू कोणता, हे पाहावे."

या गोष्टीस आता चार महिने झाले. मुलाने घरच्या खळ्यावर वाळणाऱ्या मिरचीचे व ती पसरणाऱ्या आईचे चित्रण केले आहे. पहिल्या प्रयत्नात मिरची लालभडक करण्याच्या नादात आईचा चेहराही तांबडालाल झाला, ती माउली हसून म्हणाली, "अरे, मला पण कांडपात घालतोस की काय?" गेल्या रविवारी त्याने सातव्यांदा केलेले काम मला दाखविले. मिरचीचा रंग मिरचीचा होता आणि आईचा रंग आईचा. आभाळात त्याने घातलेला ढग मात्र अजून कापसासारखा दिसतो, हे त्याने आपणहून कबूल केले. आपली चूक त्याला स्वतःला दिसू लागली, हेच मला अधिक मोलाचे वाटले.

दोन महिने उरले आहेत. पुढे संस्थेत जावयाचे की नाही, ते अद्याप ठरलेले नाही. पाटल्या अजून हातात आहेत, आणि खळ्यावर अंकुर वर येऊ लागला आहे.