सीप्झच्या कुंपणातलं चर्च

अंधेरीच्या सीप्झ औद्योगिक वसाहतीत रोज हजारो माणसं कामाला येतात. तिथल्या कारखान्यांच्या आणि ऑफिसांच्या गर्दीत सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चचे अवशेष उभे आहेत, याची त्यातल्या कितीतरी जणांना कल्पनाही नसते. छप्पर केव्हाच गेलं. दर्शनी भिंत तेवढी झाडोऱ्यातून डोकं काढून आहे.

१५७९मध्ये पोर्तुगीज जेझुइट पाद्र्यांनी ते बांधलं, कोंडिविट्याच्या भातशेती करणाऱ्या गावकऱ्यांसाठी. महाकालीची बौद्ध लेणी इथून हाकेच्या अंतरावर. १७३९मध्ये वसई पडली, साष्टीतली, म्हणजे या भागातली, पोर्तुगीज सत्ता संपली, तरी गावाची प्रार्थना थांबली नाही. ती थांबवली साथीनं. १८४०च्या सुमाराला रोगराईनं गाव उठलं. जाताना लोकांनी मूर्ती आणि बाप्तिस्म्याचं कुंड मरोळला नेलं, तिथे नवं चर्च उभं केलं. जीव वाचवायची घाई असताना त्यांनी हे ओझं सोबत घेतलं, आणि मला या सगळ्या इतिहासात तीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते.

पुढे १८९६मध्ये मुंबईत प्लेग आला. त्या काळात साथीपासून रक्षण व्हावं म्हणून गावठाणांतून जागोजागी खुरीस, म्हणजे क्रूस, उभे राहिले. मे महिन्यात जुन्या गावठाणात संध्याकाळी जाऊन पाहावं. चौथऱ्याला चुना लावलेला, क्रुसावर झेंडूच्या माळा, कोनाड्यात मेणबत्त्या. म्हाताऱ्या बायका लादीन, म्हणजे सामूहिक प्रार्थना, सुरू करतात, पोरं मागच्या रांगेत चुळबुळत असतात. त्यांचं लक्ष उकडलेल्या चण्यांच्या पातेल्याकडे. प्रार्थना संपली की चणे वाटले जातात, आणि मग कोण आजारी आहे, कुणाचं लग्न ठरलं, कुठली जागा बिल्डरच्या घशात जातेय, हे सगळं तिथेच उभ्या उभ्या बोललं जातं. छोट्या चॅपेलनं गावासाठी जे करायचं, ते इथे एक क्रूस करतो.

१९७३मध्ये सीप्झ झालं आणि जुनं चर्च कुंपणाच्या आत गेलं. आता वर्षातून एकदा, मे महिन्यातल्या एका रविवारी, फाटक उघडतं. मरोळचे लोक येतात, उघड्या आभाळाखाली मिस्सा होते. ज्यांच्या पूर्वजांनी इथे बाप्तिस्मा घेतला त्यांना वर्षातून एकच दिवस मिळावा, हे मला मान्य नाही. या भिंतींची नीट डागडुजी व्हायला हवी आणि निदान दर रविवारी तरी फाटक उघडायला हवं.