जवळा : एक ओळख

नांदेड किंवा लातूरच्या बाजारांत सुक्या मासळीच्या पालाखालीं, बोंबलांच्या शेजारीं, फिकट तांबूस अशा बारीक जिवांची एक रास मांडलेली असते. तिला कोणी सुकट म्हणतात, कोणी जवळा. समुद्र तेथून दोन-तीनशें मैलांवर. त्यामुळें हा प्राणी जिवंत पाहण्याचा योग घरांत सहसा कोणालाच येत नाहीं, आणि ‘हीं तर कोळंबीचीं पिलें’ असा समज सहज होतो. पिलें खाणें नको, म्हणून एखाद्या घरांत जवळा वर्ज्यही ठरतो. हा समज कितपत खरा आहे, हें पाहण्यास मूठभर सुकट, वाटीभर कोमट पाणी व एक भिंग एवढें साहित्य पुरेसें आहे.

जवळ्याचें शास्त्रीय नांव ॲसिटिस इंडिकस. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ आंरी मिल्न-एडवर्ड्स यांनीं १८३० सालीं त्याचें वर्णन केलें. कोळंबी व खेकडा यांच्याप्रमाणें जवळाही दशपाद गणांतला. परंतु गणाच्या नांवालाच तो अपवाद आहे. कोळंबीला चालण्याच्या पायांच्या पांच जोड्या असतात, जवळ्याला तीनच. चौथी व पांचवी जोडी त्याला नसतेच. सुकटींत पाय पुष्कळदां मोडलेले असतात. म्हणून एकाच नगावरून निर्णय न देतां भिजवून मऊ केलेले आठ-दहा नग तपासावे. ताजा जवळा पारदर्शक असून त्याच्या शेपटीच्या पंखांच्या बुडाशीं तांबडा ठिपका दिसतो.

त्याची लांबी सुमारें एक ते दीड इंच. पण लहान म्हणजे पोर नव्हे. एवढ्याशा मादीच्या अंगांत पक्व अंडाशय सांपडतें. अर्थात् ही त्या जातीची पुरी वाढ होय.

दुसरी तुलना गोदावरीच्या झिंग्याशीं करावी. मॅक्रोब्रेकियम मॅल्कमसोनाय या झिंग्याचें वर्णनही मिल्न-एडवर्ड्स यांनींच १८४४ सालीं केलें. त्याच्या पायांची दुसरी जोडी लांब व नांगीदार असते. उदराच्या दुसऱ्या वलयाची बाजूची पट्टी पहिल्या व तिसऱ्या अशा दोन्ही वलयांवर चढलेली असते, आणि मादी अंडीं पोटाखालीं वागविते. जवळ्याची ती पट्टी पहिल्या वलयावर चढत नाहीं, व त्याची मादी अंडीं पाण्यांत सोडून देते.

तथापि लोकसमजांत सत्याचा एक अंश आहे. कोंकणच्या किनाऱ्यावर कोळी बांधव भरती-ओहोटीच्या प्रवाहांत डोल जाळें लावून जवळा पकडतात. त्या जाळ्याची शेवटची पिशवी फार बारीक विणीची असते. तींत जवळ्याबरोबर कोळंबीचीं व माशांचीं खरीं पिलेंही सांपडतात. सुकटींत पांच जोड्या पायांचा एखादा बारीक जीव निघाला, तर तो जवळा नव्हे, हें ओळखावें. शिवाय बोंबील स्वतः जवळ्यावर पोसतो. बाजारांतील दोन शेजारी समुद्रांत भक्ष्य आणि भक्षक असतात.

एक सावधगिरी मात्र अवश्य हवी. जवळा कोळंबीचें पिलूं नसला तरी तिचा जवळचा आप्त आहे. ज्यांना कोळंबी बाधते, त्यांना जवळाही बाधूं शकतो. नांवें निराळीं असलीं, तरी शरीर तें नातें विसरत नाहीं.