गांधीलमाश्यांची ओळख रक्ताची नव्हे, घराची!

वळचणीला किंवा खिडकीच्या कोपऱ्यात गांधीलमाश्यांचे राखाडी, कागदासारखे पोळे अनेकांनी पाहिले असेल. लाकडाचे तंतू चावून, त्यांत लाळ मिसळून ते बांधलेले असते. त्यातील अंडी व अळ्या परक्या माशीच्या तावडीत सापडू नयेत, यासाठी येणाऱ्या प्रत्येकीची पारख होते. ती होते गंधावरून.

गांधीलमाशीच्या अंगावर हायड्रोकार्बन द्रव्यांचा मेणचट थर असतो. शरीरातील पाणी टिकवणे हे त्याचे मूळ कार्य. मात्र या द्रव्यांचे प्रमाण प्रत्येक वसाहतीत थोडे निराळे असल्याने तो ओळखपत्राचेही काम करतो. ही द्रव्ये सहसा हवेत उडत नाहीत. म्हणून पोळ्यावरील माशी आगंतुकेला स्पर्शिकांनी चाचपते. गंध जुळला तर प्रवेश, न जुळल्यास हल्ला.

हा गंध जन्मजात असतो काय? बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर व सहकाऱ्यांनी दक्षिण भारतात सर्रास आढळणाऱ्या ‘रोपालिडिया मार्जिनाटा’ या जातीवर प्रयोग केले. कोशातून बाहेर पडताच पोळे व सोबतिणी यांपासून वेगळ्या ठेवलेल्या माश्यांना पुढे आपले-परके ओळखता आले नाही. पोळ्याचा तुकडा व काही सोबतिणी लाभलेल्या माश्यांना मात्र ते जमले. अर्थात, अंगावरचा गंध आणि तो पारखण्याची जाण, दोन्ही घरातूनच मिळतात.

याचा परिणाम दूरगामी आहे. या जातीची राणी एकाहून अधिक नरांशी समागम करू शकते. त्यामुळे एकाच पोळ्यात सख्ख्या व सावत्र बहिणी नांदतात. सर्वांना घराचाच गंध लागत असल्याने कामकरी माश्या त्यांतून सख्ख्या बहिणी निवडून त्यांचीच सेवा करीत असण्याची शक्यता कमी ठरते.

घराच्या गंधावर विसंबण्यात धोकाही आहे. युरोपातील ‘पॉलिस्टेस सल्सिफर’ ही परजीवी माशी दुसऱ्या जातीच्या पोळ्यात बळाने शिरते, तेथील राणीला हटवते आणि पोळ्यावर व कामकरी माश्यांवर अंग घासते. काही दिवसांतच तिचा गंध त्या घराचा होतो. तिला स्वतःच्या कामकरी माश्या नसतात. फसलेल्या यजमानिणीच तिची पिल्ले वाढवतात.