राबणारे, बसणारे आणि धोका

फुलसावंगी (ता. महागाव, जि. यवतमाळ) : समज आणि माहिती

• पुरेशी हालचाल : जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या शिफारशीनुसार प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम. निंदण, कापूसवेचणीही यात धरतात.

• मध्यम श्रम : बोलता येते, गाता येत नाही.

• ‘राबणाऱ्याला बीपी-शुगर होत नाही’ : चूक. श्रमाने धोका घटतो, संपत नाही. खर्रा, मीठ, आनुवंशिकता यांचा धोका शेतात राबूनही उरतो.

• ‘त्रास नाही म्हणजे आजार नाही’ : हीही चूक, आणि जास्त महागात पडणारी. उच्च रक्तदाब बहुधा लक्षणांविना वाढतो.

• निदानाचे आकडे : रक्तदाब १४०/९०, उपाशीपोटी साखर १२६, दोन्ही वेगळ्या दिवशी पुन्हा तपासून.

• तपासणी : तिशीनंतर, सरकारी आरोग्य केंद्रात मोफत. आशाताईंना विचारा.